टाळी वाजली की बघायचं नाही

सांगवी
सोमवार, १ डिसेंबर २०२५

हीना,

कागदावर लिहितेय म्हणून हसू नकोस. फोन बंद करून गव्हाच्या डब्यात खुपसून ठेवलाय आणि तो बाहेर काढायची माझी हिंमत नाही. शनिवारी मॅच संपल्यावर दोन तासांत साडेतीनशे मेसेज आले. त्यातला एकच बरा होता, तुझ्या अम्मीचा, बिल्किसचाचींचा. त्यांनी फक्त ‘जेवलीस का’ एवढंच विचारलं होतं. हे पाकीट बाबांच्या डब्याच्या पिशवीतून चाकणला जाईल, बाबा ते शफीचाचांना देतील आणि चाचा तुला. दोघं रोज एकाच मशीनवर उभे असतात, त्याचा आज पहिल्यांदाच मला काही उपयोग होतोय.

मला एकच गोष्ट विचारायची आहे. पण आधी माझ्या बाजूने काय झालं ते लिहिते, कारण ते माझं मलाच अजून खरं वाटत नाही.

फायनलचे चार सेकंद राहिले होते. आम्ही एक्कावन्न, तुम्ही पन्नास, बॉल आमचा. सलिल सरांनी शेवटचा टाइमआउट घेतला, माझे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाले, "सई, बॉल तुझ्याकडे येईल. घ्यायचा आणि पोटाशी धरून उभं राहायचं. पास नाही, ड्रिबल नाही, हिरोगिरी तर अजिबात नाही. फाऊल केला तर करू देत." यापेक्षा सोपं काम मला आयुष्यात कुणी सांगितलेलं नाही.

बॉल आला. तुमच्या दोघी अंगावर आल्या आणि त्यांनी मला तुम्हाला ज्यात टाकायचं त्याच बास्केटजवळच्या कोपऱ्यात दाबलं. समोर चार हात, मागे लाइन. काही दिसत नव्हतं, पण दिसायची गरजच नव्हती. मनात मी मोजायलासुद्धा लागले होते. एक.

आणि डावीकडून दोन टाळ्या वाजल्या. एकीला चिकटून दुसरी. आपल्या टाळ्या, हीना.

मी बघितलं नाही. मी दिला. बॉल हातातून सुटल्यावर मान वळली तेव्हा निळी जर्सी दिसली, आणि तिच्यात तू. तू वर उडालीस, बॉल आत गेला, भोंगा वाजला. आमच्या मरून जर्सीतल्या चौघी माझ्याकडे अशा बघत होत्या की मी त्यांच्यासमोर कुणाला तरी ढकलून दिलंय. मी तिथेच खाली बसले.

तुला तरी समजावून सांगायला नको. ‘टाळी वाजली की बघायचं नाही, द्यायचं’ हे आपण कुठल्या कोचकडून शिकलो नाही. आपण नऊ वर्षांच्या होतो, बाबा-चाचांच्या कंपनीची शेड तेव्हा भोसरीला होती, आणि शेडच्या मागच्या भिंतीला चाचांनी सळई वाकवून रिंग लावून दिली होती. आत पत्रा दाबायच्या दहा प्रेस धडधडत असायच्या, हाक ऐकू यायची सोयच नव्हती. म्हणून आपण आत चालायचं तेच बाहेर उचललं. चाचा डायच्या साच्यात पत्रा ठेवणार, हात बाहेर काढून दोन टाळ्या वाजवणार आणि बाबा पेडल दाबणार. बाबांची नजर मशीनच्या काट्यावर. ते चाचांकडे बघत नाहीत, कारण टाळी वाजली याचा अर्थच दोन्ही हात बाहेर आहेत. चौदा वर्षांत चाचांच्या नखालाही धक्का लागला नाही, हे बाबा पाहुण्यांना सांगतात तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

त्या टाळीवर नऊ वर्षं मी तुला डोळे मिटून पास दिलेत. शनिवारी एक जास्त दिला.

आता प्रश्न. तू टाळी वाजवलीस का? मुद्दाम वाजवलीस की कशी, हे नंतर. आधी फक्त हो की नाही ते लिही.

सई


चऱ्होली
बुधवार, ३ डिसेंबर

प्रिय सई,

तुझं पाकीट अब्बांनी कोर्टाचं समन्स आणावं तसं दोन्ही हातांनी आणून दिलं. अम्मी म्हणाली, लग्नपत्रिका आहे का बघ. तू पत्रात माझी विचारपूससुद्धा केली नाहीस, पण जाऊ दे. मी बरी आहे. गुडघा जरा सुजलाय. इकडे रस्त्याचं काम सुरू आहे, धूळ इतकी की सकाळी वाळत घातलेले कपडे संध्याकाळी परत धुवावे लागतात. समोरच्या नव्या सोसायटीत लोक राहायला आलेत आणि अब्बांनी गेटबाहेरच्या खांबाला आपली भोसरीची रिंग लावली आहे, तिथे त्यांची पोरं लटकतात. अब्बा काही बोलत नाहीत. ती रिंग अजून एका बाजूला वाकडीच आहे.

तू खूप मनाला लावून घेतेस, नेहमीसारखं. दहावीच्या भूमितीच्या पेपरला एक आकृती चुकली तर तू दोन दिवस जेवली नव्हतीस आणि मार्क मात्र माझ्यापेक्षा वीसने जास्त पडले. मॅच आहे यार, होतं. तुझ्यावर दोघी चढल्या होत्या, गॅलरीत तुमच्या कॉलेजचं ढोलपथक, इकडे आमचं, माझ्या स्वतःच्या मॅडम दोन हातांवर ओरडत होत्या ते मला ऐकू येत नव्हतं. अशात माणसाला काहीही ऐकू आल्यासारखं वाटतं.

तू विचारलंस म्हणून लिहिते. नाही. मी तिथे फक्त उभी होते. बॉल आला आणि मी टाकला.

सुमेधा मॅडमनी सांगितलंय की मॅचबद्दल बाहेर कुणाशी काही बोलायचं नाही, लिहायचं तर अजिबात नाही. विद्यापीठाच्या संघाची यादी या महिन्यात लागणार आहे आणि माझं नाव वर आहे म्हणतात. तुझंही असणार, आपण दोघी एकाच जर्सीत खेळू. तेव्हा हे वाच आणि फाडून टाक. गव्हाच्या डब्यातून फोन काढ, त्याला किडे लागतील.

तुझीच,
हीना


सांगवी
शनिवार, ६ डिसेंबर

हीना,

फाडलं नाही. चार वेळा वाचलं.

तू ‘नाही’ लिहिलंस आणि माझ्या डोक्यातलं काहीतरी हललं. मी बाबांना म्हटलं, तुम्ही दाराबाहेर उभे राहा, मी आत टीव्ही मोठ्याने लावते आणि भिंतीकडे तोंड करून बसते, तुम्ही मध्येच कधीतरी टाळ्या वाजवा. बाबांनी सात वेळा वाजवल्या. मी सातही सांगितल्या. एकदा त्यांनी मुद्दाम एकच वाजवली, तीही सांगितली. शेजारच्या सुमनताई काय झालं म्हणून बघायला आल्या. म्हणजे कान ठीक आहेत. मग जे बिघडलंय ते आणखी आत असणार, आणि त्याची मला खरंच भीती वाटायला लागली आहे.

आता इकडचं ऐक. ती नऊ सेकंदांची क्लिप तू बघितली असशील. तिच्यात ढोलाशिवाय काही ऐकू येत नाही. तिच्याखाली कुणीतरी लिहिलं की या दोघींचे बाप एकाच कंपनीत आहेत, दोघी लहानपणापासून एकत्र वाढल्या, बॉल चुकून गेलेला नाही, हातात नेऊन दिलाय. ते वाचलं तेव्हा मी हसले होते. गुरुवारी कॉलेजची नोटीस आली. प्राचार्य, क्रीडा विभागाचे दोघे आणि विद्यापीठाकडून एक निरीक्षक, अशी समिती. सोमवारी पंधरा तारखेला सकाळी अकराला सुनावणी. ‘सामना जाणीवपूर्वक प्रतिस्पर्ध्यास बहाल केल्याच्या तक्रारीबाबत.’ हे वाक्य माझ्याबद्दल आहे, हे कळायला मला ते दोनदा वाचावं लागलं. तोवर माझं नाव विद्यापीठाच्या यादीतून बाजूला काढून ठेवलंय. तक्रार खरी ठरली तर कॉलेज संपेपर्यंत मी कुठल्याच संघातून खेळू शकत नाही.

सलिल सरांनी विचारलं, "का दिलास?" मी म्हटलं, टाळी ऐकली. ते म्हणाले, "सई, टाळीवर कुणी मॅच देतं का गं?"

तुझं पत्र मी बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "शफीची पोरगी टाळीच्या बाबतीत खोटं बोलायची नाही." एवढंच म्हणाले आणि आंघोळीला गेले. म्हणजे खोटं बोलणारी कोण उरली, ते त्यांनी सांगितलं नाही. मला बाबांचा राग आला नाही. मला तेच हवं होतं, तू खोटं बोलणार नाहीस हेच. फक्त त्याची किंमत अशी असेल असं वाटलं नव्हतं.

मी समितीला लिहून देणार आहे की टाळी वगैरे काही नव्हतं, माझा भास झाला. ते विश्वास ठेवोत न ठेवोत. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

सई


चऱ्होली
गुरुवार, ११ डिसेंबर

सई,

ते काही लिहून देऊ नकोस. दिलं असशील तर परत माग. टाळी वाजली होती. मी वाजवली होती.

हे लिहायला मला पाच दिवस लागले. तुझं शनिवारचं पत्र माझ्या उशीखाली आहे. मी ते वाचलं आणि तरीही गप्प बसले, हे तुला आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुला माझी दया येईल आणि मला ती नको आहे.

परवा अब्बा कामावरून आले आणि हातपाय न धुताच ओट्यावर बसून राहिले. अम्मीने चहा दिला तर तो तसाच ठेवला. मग म्हणाले, "आज प्रभाकरने मान वर केली." अम्मीला कळलं नाही. मला कळलं. अब्बांनी पत्रा ठेवला, हात काढले, दोन टाळ्या वाजवल्या. आणि प्रभाकरकाकांनी पेडल दाबायच्या आधी मान वर करून अब्बांच्या हातांकडे बघितलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा. आता त्या प्रेसला सेन्सर आहे, हात आत असला तर ती चालतच नाही, टाळीची काही गरज उरलेली नाही. तरी ते दोघं वाजवतात आणि काका बघत नाहीत. परवा बघितलं. अब्बांनी विचारलं, "काय रे?" काका म्हणाले, "काही नाही, मान आपोआप गेली." मग दुपारी दोघांनी डबाही वेगवेगळा खाल्ला.

अब्बांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तू सईला टाळी दिली होतीस का?" मी हो म्हटलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठून आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आमच्या घरात आजवर कुणी दार लावून बसलेलं नाही. मी त्या दाराकडे बघत उभी राहिले.

आता खरं काय झालं ते सांगते, अगदी जसं झालं तसं. तुमची जी मुलगी बाहेरून बॉल टाकत होती, तिला मी अडवत होते. बॉल तुझ्याकडे गेला आणि मी मोकळी झाले. बास्केटखाली आले, वळले, आणि तू कोपऱ्यात दबलेली दिसलीस. तुझी मान खाली, कोपरं बाहेर. तू अडकलीस की तुझी कोपरं अशीच होतात, नऊ वर्षं मी बघतेय. आणि माझे हात वाजले. त्या क्षणाला मी कोणत्या जर्सीत आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं. फसवायचं होतं म्हणून नाही गं. तू अडकलीस, तुला सोडवायचं, एवढंच. हे कुणालाही सांगितलं तर तो हसेल. तू हसणार नाहीस हे मला माहीत आहे, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते.

पण इथे थांबले तर मी पुन्हा खोटी ठरेन. बॉल माझ्या हातात आला तेव्हा मी शुद्धीवर होते. बोर्डावर दोन सेकंद उरलेले दिसत होते. काय झालंय ते मला पूर्ण कळलं होतं. तेव्हा मी बॉल धरून उभी राहू शकले असते. कुणी मला काही म्हटलं नसतं, घाबरली म्हणाले असते. मी नाही थांबले. मी वर उडाले आणि टाकला. टाळी माझ्या हातांची होती, सई. बास्केट माझी होती.

त्यानंतर सगळ्या मला उचलून नाचत होत्या आणि मी मेल्यासारखी लटकत होते. आणि तुझं पत्र आलं तेव्हा मी यादीतलं माझं नाव डोळ्यांसमोर आणलं आणि ‘नाही’ लिहिलं. तू स्वतःच्या कानांवर संशय घेशील असं वाटलं नव्हतं. तू मला शिव्या देशील असं वाटलं होतं.

पंधरा तारखेला अकरा वाजता मी येते. समितीसमोर सांगते. मॅडमना सांगितलं नाही आणि विचारणारही नाही.

हीना


सांगवी
शुक्रवार, १२ डिसेंबर

हीना,

नऊ दिवस. नऊ दिवस मी स्वतःला वेडी समजत होते आणि तू गुडघा, धूळ आणि सोसायटीतली पोरं लिहीत होतीस.

बाबांना पत्र वाचून दाखवलं. ‘मान वर केली’ तिथे आले तेव्हा ते म्हणाले, पुढचं वाचू नको.

माझ्याकडे तुला लिहायला आज चांगलं काही नाही. अकराला ये. मुख्य इमारत, पहिला मजला. गेटवर ओळखपत्र मागतात, कॉलेजचं आण.

सई


सांगवी
बुधवार, १७ डिसेंबर

हीना,

सोमवारी तू जिना उतरून गेलीस ती वळून न बघता गेलीस. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. तू तिथे होतीसच, तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते. त्या खोलीत माझ्या आत काय झालं ते तुला कुणीच सांगितलेलं नाही, आणि मलाही ते कागदावर आल्याशिवाय कळणार नाही.

तू बोलायला उभी राहिलीस तेव्हा तुझा आवाज एकदाही हलला नाही. तू टाळी सांगितलीस, प्रेस सांगितली, शेवटची बास्केटही सांगितलीस. ती सांगायची तुला गरज नव्हती. प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं होतं. मला वाटलं, सुटलो आपण दोघी. मग ते निरीक्षक म्हणाले, "गोष्ट छान आहे. पण सीनियर खेळाडू टाळी ऐकून न बघता बॉल देते, हे मी कसं मानायचं? आणि ही मुलगी जिंकलेल्या संघाची, मैत्रिणीला वाचवायला आलेली." तेव्हा तूच म्हणालीस, "करून बघा, सर."

त्यांनी कपाटातून बॉल काढला. मला खिडकीकडे तोंड करून उभं केलं. मागे चार जण, त्यात तू. आधी सलिल सरांनी दोन टाळ्या वाजवल्या. मी हलले नाही. मग निरीक्षकांनी वाजवल्या, मग शिपाई भिवामामांनी, त्यांना काय चाललंय ते कळतही नव्हतं. मी हलले नाही. सगळं बरोबर चाललं होतं. खोलीत पंख्याशिवाय आवाज नव्हता, खाली ग्राउंडवर कुणीतरी शिट्टी मारत होतं.

मग तुझ्या वाजल्या. डावीकडून, एकीला चिकटून दुसरी. मी लगेच ओळखल्या.

आणि माझे हात हलले नाहीत.

मी त्यांना सांगत होते, दे. हीना आहे, दे. बॉल माझ्या पोटाशी होता आणि बोटं त्याच्यात रुतली होती. मी मनात मोजलं. एक. दोन. तीन. चार. मी वळून बघितलं, तू हात पुढे करून उभी होतीस आणि तुझा चेहरा असा झाला होता की मला बॉल तिथेच टाकून पळून जावंसं वाटलं. निरीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते फार वेळ लिहीत नव्हते. एकच ओळ असणार.

मी खोटं सांगणार नाही, आता आपल्या दोघींना त्याचा कंटाळा आलाय. मला वाटलं, तू परत टाकशील. त्या खोलीत बास्केट नव्हती, खिडकी होती आणि पुस्तकांचं कपाट होतं, तरी माझ्या हातांना तेच वाटलं. मी तुला माफ केलं होतं. रविवारीच केलं होतं, आईलाही सांगितलं होतं. हातांना कुणी सांगितलं नाही.

निकाल आज लागला. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणे. पण खुलासा ‘विश्वासार्ह न वाटल्याने’ माझं नाव यंदाच्या यादीतून काढूनच टाकलं. आणि तुझ्या कॉलेजला पत्र गेलंय, ‘खेळाडूने स्वतः दिलेल्या कबुलीवरून अखिलाडू वर्तन’, म्हणून तुझंही नाव काढलं. म्हणजे माझ्यासाठी तुझी टाळी खोटी आणि तुझ्यासाठी तीच खरी. हे एकाच कागदावर, एकाच सहीने लिहिलंय. मी प्राचार्यांना दाखवलं तर ते म्हणाले, "अपील करता येतं, बाळ."

हीना, फायनलला बॉल नुसता धरून ठेवायचा होता, तेव्हा मी दिला. सोमवारी नुसता द्यायचा होता, तेव्हा धरून ठेवला. तुझं नाव माझ्या हातांनी गेलं.

सई


चऱ्होली
शनिवार, २० डिसेंबर

प्रिय सई,

माझं नाव माझ्याच हातांनी गेलं. त्याचं श्रेय तुला देणार नाही, उगाच मागू नकोस. मॅडम दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. काल म्हणाल्या, निदान सकाळी प्रॅक्टिसला तरी ये. अपील करायचं असेल तर दोघींनी मिळून करू. तू लिही, तुझं मराठी चांगलं आहे आणि भांडायलाही तुला जास्त येतं.

तू बॉल दिला नाहीस तेव्हा मला काय वाटलं, ते तुला विचारायचं असेल पण तू विचारणार नाहीस. मला धक्का बसला. इतका की जिना उतरताना मी वळून बघितलं नाही. मी निकालाचा विचारच करत नव्हते. आपलं न बघता देणं गेलं, आता परत येणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

घरी येऊन अब्बांना सांगितलं. अब्बा आता बोलतात माझ्याशी. ते म्हणाले, प्रभाकरचंही तसंच झालंय, रोज टाळी वाजली की त्याची मान वर जाते आणि रोज तो ओशाळतो. मग मंगळवारी अब्बांनीच मशीन बंद केली आणि काकांना म्हणाले, "प्रभाकर, बघ ना खुशाल. बघ आणि मग दाब. बोटं माझी आहेत, तू बघितलंस तर मला वाईट का वाटेल?" दुपारी दोघांनी डबा एकत्र खाल्ला. तुमच्याकडची मेथीची भाजी होती. अब्बांनी सगळी संपवली आणि घरी अम्मीला मेथी आणायला सांगितली.

उद्या रविवार आहे. सकाळी नऊला ये. सोसायटीतली पोरं त्या वेळी क्लासला जातात, रिंग मोकळी असते. बॉल तू आण, माझा कॉलेजने परत घेतला.

मी टाळी वाजवणार नाही. नाव घेऊन हाक मारीन. तू मान वळव, मी कुठल्या बाजूला उभी आहे ते नीट बघ, आणि मग द्यायचा की नाही ते ठरव.

हीना